अंगी लागण्याची गोष्ट

सिंधुदुर्गातल्या वालावलसारख्या गावात कुपोषणाचा विषय काढला की ऐकणारा लगेच मेळघाटाकडे, नाहीतर जव्हार-मोखाड्याकडे बोट दाखवतो. इथे कसलं आलंय कुपोषण? माडा-पोफळीच्या बागा आहेत, कर्लीच्या खाडीत मासळी आहे, परसात फणस-शेवगा आहे, रेशनवर तांदूळ मिळतो. हे सगळं खरंच आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ५३.८ होता. वयाच्या मानाने खुजी मुलं शंभरात पस्तीस. एवढी मुलं एकट्या मेळघाटात मावणारी नाहीत.

घरात धान्य आहे आणि मूल मात्र फिकं, बुटकं, महिन्याआड आजारी. हे कसं, एवढ्याच प्रश्नाभोवती हे पुस्तक फिरतं. उत्तराचा एक मोठा भाग अगदी थोड्या वजनाच्या पदार्थांत आहे. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम, जस्त (औषधाच्या पाकिटावर ज्याला झिंक म्हणतात ते) दोन-अडीच ग्रॅम, आणि आयोडिन तर चिमूटभरही नाही. दुसरा भाग आतड्यात आहे. पानात काय वाढलं हे सगळेच मोजतात: अंगणवाडीचा तक्ता, सरकारी आहाराचे उष्मांक, आजीची वाटी. त्यातलं आतड्याच्या भिंतीपलीकडे किती गेलं, हे मोजायला फार थोडे लोक बसले. गेल्या साठेक वर्षांत बालपोषणाबद्दल जे नवं कळलं, ते बहुतेक याच थोड्या लोकांमुळे, असं माझं मत आहे.

आधी वाटीचा हिशेब करू. उष्टावण झाल्यावर आपल्याकडे बाळाच्या तोंडी लागते ती पेजेची निवळ, मग हळूहळू पेज. वाटीभर पातळ पेजेत फार तर दहा ग्रॅम तांदूळ उतरतो. शंभर ग्रॅम सडीक तांदळात जस्त सव्वा मिलिग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे वाटीत आलं ०.१२ मिलिग्रॅम. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला दिवसाला साधारण ३ मिलिग्रॅम लागतं. नुसत्या पेजेवर भागवायचं तर पंचवीस वाट्या झाल्या. सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळेला दोनशे मिलिलिटरच्या थोडंसं वर धरतं, म्हणजे वाटी, फार तर सव्वा वाटी. निवळीची तर गोष्टच सोडा, तिच्यात शितंही नसतात.

पेजेला नावं ठेवायचा यात हेतू नाही. उकड्या तांदळाची जाड पेज आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा ही जोत सोडून आलेल्या माणसाची फार शहाणी न्याहारी आहे. भात उकडताना कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, शिजवलेलं पाणी फेकलं जात नाही, आणि सोबत मासा असतो. बाळाच्या वाटीपर्यंत मात्र ना बांगडा पोचत, ना शितं. ‘पेज घेतल्यान नि निजलो, आता कित्याक उठवतंस?’ असं आजी सुनेला म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. पोट भरलेलंच असतं. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि चौरस आहार मिळणारी मुलं जेमतेम ११ टक्के आहेत, असं तेच सर्वेक्षण सांगतं. ही उरलेली एकोणनव्वद टक्के मुलं काही सगळीच दरिद्री घरांतली नाहीत.

जस्ताच्या अभावाने माणूस खुजा राहतो हे १९५८ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी इराणमधल्या शिराझच्या इस्पितळात एक रोगी आला. वय एकवीस, दिसायला दहा वर्षांचा मुलगा. रक्त अगदी पातळ, यकृत-प्लीहा सुजलेली, वयात आल्याची एकही खूण नाही. त्याचं खाणं विचारलं तर कोंड्यासकट गव्हाची रोटी, आणि जोडीला रोज अर्धा किलोच्या आसपास माती. त्याला तपासणारे डॉ. आनंद प्रसाद मूळ बिहारमधल्या बक्सरचे. रोटीत लोह आणि जस्त दोन्ही आहेत, मग अंगात का नाहीत, हा प्रश्न त्यांना सोडेना. पुढे ते इजिप्तमध्ये गेले, तिथल्या खेड्यांत अशीच मुलं त्यांना भेटली, आणि रक्तातलं जस्त मोजून त्यांनी आपला तर्क सिद्ध केला. जस्त दिल्यावर ती मुलं वर्षात पाच-सहा इंच वाढली. तरीही माणसाला जस्त कमी पडूच शकत नाही म्हणणारे तज्ज्ञ बरीच वर्षं हटून बसले होते. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने जस्ताची रोजची गरज ठरवून दिली ती १९७४ साली. आपल्याकडच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १९ टक्के मुलांत जस्त कमी आढळलं, किशोरवयात हे प्रमाण ३२ टक्के. (माती, खडू, कच्चे तांदूळ खाणाऱ्या गरोदर बायका आपल्या गावांतही आहेत. डोहाळे म्हणून हसण्यावारी न्यावं असं ते नाही; त्यामागे बहुधा लोहाची उणीव असते.)

रोटीतलं जस्त गेलं कुठे? त्याला अडवून धरणारा पदार्थ धान्यातच असतो: फायटेट. बी रुजताना कोंबाला फॉस्फरस लागतो, त्याची ही साठवण. धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यात ती भरपूर. एका रेणूवर फॉस्फेटचे सहा हात, आणि ते हात जस्त, लोह, कॅल्शियम घट्ट पकडतात. पकडलेलं खनिज आतड्यातून तसंच पुढे सरकतं आणि बाहेर पडतं. शिजवल्याने हे हात फारसे सुटत नाहीत. सुटतात ते भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने, कारण तेव्हा बियाण्याचंच एक विकर जागं होऊन हात एकेक करून तोडतं. सहाचे तीन झाले की जस्त मोकळं.

आपल्या ताटाचा या अंगाने अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झाला. भाकरी, पोळी, भात, आमटी, पालेभाजी असं रोजचं जेवण शिजवायचं, पाचकरसांतली विकरं घालून ते प्रयोगशाळेत पचवायचं, आणि शेवटी किती जस्त सुटं राहिलं ते पाहायचं, अशा पद्धतीने तिथल्या संशोधकांनी शाकाहारी भारतीय जेवणातल्या जस्ताचा आणि फायटेटचा माग काढला. ही संस्था १९४६ साली ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या नावाने निघाली आणि १९९२ मध्ये तिला संस्थापकांचं नाव मिळालं. संस्थापक शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणात जन्मले. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला तोही त्यांनाच. पोषणशास्त्राशी त्यांचा स्वतःचा संबंध नव्हता, त्यामुळे मालवणचं नातं उगाच ताणण्यात अर्थ नाही. पण मालवणच्या माणसाने उभ्या केलेल्या संस्थेत मालवण्यांच्या पोटाला उपयोगी पडेल असं काम झालं, आणि ते मालवणात फारसं कुणाला माहीत नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. याच संस्थेने काढलेल्या एमएसीएस ४०२८ या गव्हात दशलक्ष भागांत जस्त ४०.३ आणि लोह ४६.१ भाग आहे. आता आपण गहू खाणारे नव्हेत ही गोष्ट वेगळी.

हे ज्ञान घेऊन सिंधुदुर्गातल्या स्वयंपाकघरात शिरलं की गंमत दिसते. घावन आणि आंबोळी शेजारी ठेवली तर परक्याला फरक कळायचा नाही. घावनाचं पीठ कालवलं की लगेच तव्यावर. आंबोळीचं तांदूळ-उडदाचं पीठ मात्र रात्रभर फुगतं, आंबट होतं, आणि त्या आंबटपणात फायटेट तोडणाऱ्या विकराला चांगलं फावतं. चवीला जो तो आपला, पण लहान मुलाच्या ताटलीत आंबोळी पडावी हे बरं. कुळथाच्या पिठीचंही तसंच. कुळीथ भाजून दळतो, म्हणून तो पचायला सोपा जातो. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन रोखणारे पदार्थ असतात आणि उष्णतेने ते मोडतात. वाल-पावट्यासारख्या कडधान्यांतल्या या रोधकांवर मुंबईच्या विज्ञान संस्थेत डॉ. कमला सोहोनी यांनी १९५० च्या दशकात मूलभूत काम केलं. केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी १९३९ मध्ये मिळवली होती. दुर्गाबाई भागवतांची बहीण म्हणून त्या आपल्याला माहीत असतात. नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी केलेलं काम माडांच्या या मुलखात तरी आठवायला हवं.

नाचणीच्या सत्त्वापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण तिथे आपण अर्धं बरोबर आणि अर्धं चूक वागतो. नाचणी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, इथपर्यंत उत्तम. मोड आले की फायटेट घटतंच, शिवाय पिष्ट तोडणारं विकर तयार होतं. अशा पिठाची लापशी दाट केली तरी घशाखाली सहज उतरते, म्हणजे तेवढ्याच वाटीत दुपटीने पीठ घालता येतं. लहान पोट आणि पातळ पेज या कोड्याची ही किल्ली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी मोड आणलेल्या धान्याच्या चिमूटभर पिठाने घट्ट लापशी पातळ करण्याची युक्ती तपासून पाहिली. टांझानियातही तेव्हा असेच प्रयोग चालू होते. पण आपण पुढे काय करतो? मोड आलेली नाचणी वाटतो, पाण्यात कोळतो, वस्त्रगाळ करतो आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवून त्याला सत्त्व म्हणतो. फडक्यात राहिलेला तांबूस चोथा कोंबड्यांना. नाचणीची ख्याती ज्या कॅल्शियमसाठी, शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरातलं, त्याचा मोठा वाटा त्या टरफलातच असतो. साका बाळाला पचतो हे खरं, पण त्यात राहतं ते मुख्यतः पिष्ट. मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून, सबंध दळलेलं बारीक पीठ कितीतरी बरं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला ते सोसतं.

आणि मग कालवं. कर्ली देवबागला समुद्राला मिळते. तिथून आत नेरूरपार-वालावलपर्यंत भरतीचं पाणी चढतं. सुकती लागली की खाडीच्या खडकांवर बायका कालवं फोडायला बसतात. चिखलात तिसऱ्या, मुळे. माणूस जे जे खातो त्यात कालवांइतकं जस्त दुसऱ्या कशातच नाही. दोन-चार कालवांत लहान मुलाची दिवसाची गरज भागून वर उरेल. तिसऱ्यांत लोह आहे, ब-१२ आहे. मासळीचा आणखी एक गुण असा की ती सोबत असली तर भात-डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. उलट चहा जेवणाला लागून घेतला तर ते निम्म्याहून खाली येतं. म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ ज्या खनिजासाठी गोळ्या, पुड्या आणि गव्हाच्या जाती काढत बसले, ते आमच्या खडकाला चिकटलेलं आहे, आणि आमचं दीड वर्षाचं पोर चहात बटर बुडवून खातंय. ‘लहानग्याला तिखट सोसणार नाही, काटा लागेल, बाधेल’ ही कारणं मी असंख्य घरांत ऐकली आहेत. तिखट घालण्याआधी चमचाभर बाजूला काढता येतं. तारलीचा काटा काढता येतो. जागतिक आरोग्य संघटना तर सहा महिन्यांपासून पुढे रोजच्या खाण्यात मासे, अंडं, मांस असावं असं म्हणते. कालवं मात्र नीट उकडलेलीच हवीत. खाडीच्या पाण्यात जे असेल ते सगळं ती गाळून पोटात साठवतात, आणि आपल्या खाडीत काय काय सोडलं जातं ते सर्वांना ठाऊक आहे.

इथून गोष्ट स्वयंपाकघरातून बाहेर पडून संडासापर्यंत जाते. लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं, बारीक लवदार. त्या लवेतूनच अन्नरस आत जातो. मुलाच्या तोंडात सतत विष्ठेतले जंतू जात राहिले, हातावरून, पाण्यातून, अंगणातल्या मातीतून, तर जुलाब न होताही ही लव झडते, भिंत झिरपू लागते आणि शरीर आतल्या आत जळजळत राहतं. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि लोहाचा दरवाजा बंद करतं. जंतूंना लोह मिळू नये ही शरीराची जुनी चाल. अशा मुलाला लोहाचं औषध पाजलं तर ते शोषलं जात नाही. आतड्यात पडून राहतं आणि नको त्या जंतूंना पोसतं.

सिंधुदुर्ग २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांमध्ये देशात पहिला आला. त्याचा अभिमान आहेच. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांत बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले ते चकित करणारे होते. घरोघर संडास, हात धुण्याची सोय, पाणी शुद्ध करण्याची साधनं देऊनही मुलांची उंची वाढली नाही. जादा आहाराने थोडी वाढली. यावरून काही मंडळींनी स्वच्छतेचा आणि वाढीचा संबंधच नाही असा सूर लावला. मला तो घाईचा वाटतो. बांगलादेशात जुलाब कमी झाले होतेच. रांगणाऱ्या पोराभोवती कोंबड्या फिरत असतील, विहिरीला शोषखड्डा लागून असेल, तर एका संडासाने अंगण शुद्ध होत नाही. आपल्या जांभ्या दगडातून पावसाचं पाणी किती सहज झिरपतं हे विहीर खणणाऱ्याला विचारा.

जुलाब आणि जस्त यांचं तर दुष्टचक्रच आहे. जुलाबातून जस्त वाहून जातं, ते कमी झालं की अस्तर भरून यायला वेळ लागतो, मग पुन्हा जुलाब. दिल्लीतल्या मुलांवर सुनील सझावल, एम. के. भान, रॉबर्ट ब्लॅक प्रभृतींनी केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जस्ताने जुलाब लवकर थांबतात हे दिसलं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी शिफारस केली: मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर, म्हणजे ओआरएसबरोबर, रोज २० मिलिग्रॅम झिंक, दहा ते चौदा दिवस, सहा महिन्यांखालच्या बाळाला १०. गोळी स्वस्त असते. मात्र तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की आई गोळी थांबवते. उरलेले दिवस पुढच्या आजारासाठी असतात, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळी खनिजं इतकी निरुपद्रवी नाहीत. टांझानियाच्या पेंबा बेटावर मलेरिया फार. तिथे हजारो लहान मुलांना सरसकट रोज लोह आणि फॉलिक आम्ल दिलं, तेव्हा इस्पितळात दाखल होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण वाढलं, लोह देणं मध्येच थांबवावं लागलं. हा २००६ चा धडा. म्हणून आपल्याकडे आठवड्यातून दोनदा मिळणारं लोहाचं सिरप टाकून द्यायचं असा त्याचा अर्थ नव्हे. तापात ते देऊ नये, जंताच्या गोळ्या चुकवू नयेत, आणि नुसत्या बाटलीवर विसंबू नये, इतकाच. रेशनच्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळलेले लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ युक्त दाणेही लोक ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून टाकतात. ते प्लास्टिक नाही. पण ते लोह दाह असलेल्या आतड्यातून किती आत जातं, हा प्रश्न सरकारी जाहिरातीत विचारला जात नाही, तो विचारायला हवा.

अलीकडचं सर्वांत चित्तवेधक काम ढाक्याच्या मीरपूर वस्तीतलं. सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांनी मुलांच्या आतड्यातल्या जंतूंना मानवेल असं खाद्य बनवलं: चण्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीन आणि कच्चं केळं. नेहमीच्या तयार पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी, तरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांचं वजन त्याने अधिक वाढलं. कच्चं केळं आमच्या परसात लोंबत असतं म्हणून लगेच ‘आपले पूर्वज जाणते होते’ असं म्हणायला सरसावू नये. पूर्वज जाणते होते तसे नव्हतेही. केळफुलाची भाजी मोठ्यांच्या पानात आणि निवळ तान्ह्याच्या तोंडात, ही वाटणी त्यांनीच केली. आणि ढाक्यातल्या वस्तीतलं पोर नि कुडाळ तालुक्यातलं पोर यांच्या आतड्यात एकच जंतू नांदत असतील असं धरून चालता येत नाही.

पुढची प्रकरणं लोह, जस्त, आयोडिन अशी खनिजवार लावलेली आहेत, मग आतडं, मग गरोदरपण, आणि शेवटी इथल्या घरांत जमतील असे पदार्थ. गरोदरपणाचं प्रकरण आधी यायला हवं होतं असं मला वाटतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासात पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं भरली निघाली, म्हणजे मुळात सुरुवातच आईच्या ताटापासून आहे. ज्यांच्या घरी सध्या सहा-सात महिन्यांचं बाळ आहे त्यांनी मात्र क्रम न पाळता शेवटचं प्रकरण आधी उघडावं, त्यातल्या नाचणीच्या पिठाची आणि तारलीच्या चमच्याची कृती करून पाहावी. फायटेटचे सहा हात सवडीने वाचले तरी चालतील.